तागावरचा ठिपकेवाला पतंग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जण हसतील. पाऊसपाणी, बी-बियाणे, गुराढोरांचे आजार असे कामाचे विषय सोडून हा गृहस्थ करंगळीच्या पेराएवढ्या एका पतंगावर बोलायला बसला आहे, असे त्यांना वाटेल. त्यांना एवढेच सांगतो की थोडा दम धरा. बोलता बोलता आपण तुमच्या शेतात, गोठ्यात आणि थोडे धान्याच्या कणगीतही येणार आहोत.

हा पतंग मला दाखवला तो पाचवीतल्या एका मुलाने. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेवर होतो. मुले काड्यापेटीतून काय काय आणत असत, ते शिक्षक श्रोत्यांना सांगायला नको. या मुलाने पेटी उघडली तर आत पांढराशुभ्र, सडपातळ पतंग. पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळून घेतलेले, आणि त्या पांढऱ्यावर लाल नि काळे ठिपके. कुणी बसून एकेक टिकली लावावी तसे. मुलाने विचारले, "गुरुजी, हे ठिपके कशाला हो?" मी घाईत होतो. म्हटले, "शोभेला. फुलाला रंग असतो ना, तसाच याला." पोराचे काही समाधान झाले नाही. तो म्हणाला, "पण गुरुजी, आमच्या कोंबडीनं याला चोचीत धरला नि लगेच टाकून दिला. थुंकल्यावानी. मग मी उचलला."

मी त्याला जागेवर बसायला सांगितले आणि गणिताचा तास सुरू केला. खरे सांगायचे तर माझ्या उत्तरापेक्षा त्याच्या कोंबडीचे उत्तर अधिक बरोबर होते. ते मला कळायला पुढे बरीच वर्षे लागली. आज मी जे सांगणार आहे, ते त्या मुलाला त्या दिवशी द्यायला हवे होते असे उत्तर आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. या पतंगाचे शास्त्रीय नाव युटेथायसा पुल्केला. त्यातल्या 'पुल्केला' या लॅटिन शब्दाचा अर्थ चिमुकली सुंदर. हे नाव स्वीडनचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५८ साली ठेवले. मौज अशी की त्यांनी याला कपड्यांना लागणाऱ्या कसरीसारख्या बारीक पतंगांच्या गटात बसवले होते. पुढच्या लोकांनी त्याला तिथून उठवून त्याच्या खऱ्या कुळात नेऊन बसवले. आफ्रिका, युरोपचा दक्षिण भाग, पश्चिम आशिया आणि आपला देश एवढा याचा मुलूख. आपल्याकडे याची जुळी म्हणावीत अशी भावंडेही आहेत. त्यांतल्या एकाचे नाव युटेथायसा लॉट्रिक्स. पाहता क्षणी वेगळे ओळखणे जाणकारालाही जड जाते, तेव्हा शिक्षकांनी त्या भानगडीत पडू नये. वर्गात 'तागावरचा ठिपकेवाला पतंग' एवढे म्हटले तरी पुरे.

पंख पसरून धरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण दीड इंच भरतील. पुढच्या पंखांची जोडी पांढरी किंवा किंचित पिवळसर. तिच्यावर लाल ठिपके आणि त्यांच्या अधेमधे काळे बारीक ठिपके. मागची जोडी पांढरी, पातळ, आणि तिच्या बाहेरच्या काठाला वेडीवाकडी काळी किनार, जणू शाई सांडून पसरली आहे. बसलेला असताना मागची जोडी दिसत नाही. उडाला की दिसते. पतंगाचा पंख म्हणजे मुळात पारदर्शक पापुद्रा. त्याच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले अगदी बारीक खवले असतात. पतंग हाताळला की बोटाला जी भुकटी लागते ती हीच. लाल ठिपका म्हणजे लाल कौलांचा एक तुकडा, काळा ठिपका म्हणजे काळ्या कौलांचा. डाव्या पंखावर जिथे ठिपका तिथेच उजव्यावरही. मात्र दोन वेगवेगळे पतंग शेजारी ठेवले तर त्यांचे ठिपके तंतोतंत जुळत नाहीत. एकाचा ठिपका मोठा, दुसऱ्याचा लहान, कुठे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले. मुलांना भिंग द्या, चित्र काढायला लावा, आपोआप ध्यानात येईल.

आता याचे वागणे पाहा. बहुतेक पतंग दिवसा दडी मारतात. झाडाच्या सालीवर सालीसारखा, पाचोळ्यात पाचोळ्यासारखा रंग घेऊन ते बसतात. हा पठ्ठ्या भर उन्हात गवतात बसलेला सापडतो. तुमचा पाय जवळ पडला की उठतो, चार हात संथपणे उडतो आणि पुन्हा खाली बसतो. पळण्याची घाई म्हणून नाही. चिमणी, सरडा, बेडूक, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या अंगावर लाल टिकल्या मिरवीत हा बिनधास्त हिंडतो. हे धाडस त्याला कोठून आले?

ते आले तागातून.

ताग म्हणताना मला गोणपाटाचा बंगाली ताग, म्हणजे जूट, म्हणायचे नाही. आपल्या शेतात पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलोऱ्यावर आला की नांगराने गाडतात तो ताग. काही भागात त्याला बोरू म्हणतात. त्याचाच रानटी चुलतभाऊ म्हणजे खुळखुळा. रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, समुद्रकाठच्या वाळूत पिवळ्या फुलांचे हे झुडूप तुम्ही पाहिले असेल. त्याच्या शेंगा फुगीर असतात. वाळल्या की आतले बी सुटे होते आणि शेंग हलवली की खुळखुळ वाजते. पोरे त्याची वाळे करून पायात बांधतात. या साऱ्या कुळाचे शास्त्रीय नाव क्रोटालेरिया. तेही खुळखुळ्यासाठी असलेल्या एका ग्रीक शब्दावरूनच पडले आहे. ग्रीक पोर काय आणि आपले पोर काय, शेंग हातात आली की वाजवून बघणारच.

या वनस्पतींत एक विष असते. शास्त्रज्ञ त्याला पायरोलिझिडीन अल्कलॉइड म्हणतात. नाव अवघड आहे, आपण त्याला तागाचे विष म्हणू. झाडात ते कमीअधिक सगळीकडे असते, पण सर्वांत जास्त असते बियांत. झाडाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. पुढची पिढी बीमध्ये आहे, तेव्हा पहारा तिथेच कडक हवा. आणखी एक गोष्ट शेतकरी श्रोत्यांना ऐकायला आवडेल. ताग उपटला तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू त्यांत राहतात आणि म्हणून तर आपण ताग गाडतो. २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिले की खुळखुळ्याच्या कुळातले झाड हे विष तयार करायला लागते ते मुळांवर या गाठी धरल्या तरच. गाठी नसल्या तर विषही नाही. म्हणजे ज्या गाठीतून आपल्या जमिनीला खत मिळते, तिथूनच झाडाच्या संरक्षणाची तजवीज होते.

आता आपल्या पतंगाची मादी या झाडाच्या पानावर झुबक्याने अंडी घालते. त्यांतून अळी निघते. राखी-काळसर अंग, पाठीवरून पांढरा पट्टा, त्याला आडवे नारिंगी पट्टे आणि विरळ केस. लहानपणी ती पाने खाते. पण शेंगा धरल्या की तिचे लक्ष पानांवरून उडते. शेंगेला गोल भोक पाडून ती आत शिरते आणि बी खाऊ लागते. म्हणजे जिथे विष सर्वांत जास्त, तिथेच तिची पंगत. दुसरा प्राणी ज्याने आजारी पडेल ते ती पोटात घेते, पचवून टाकीत नाही, अंगात साठवून ठेवते. पुढे कोष होतो, कोषातून पतंग निघतो, तरी ते विष त्याच्या अंगात राहतेच. पतंग स्वतः ते बनवीत नाही. अळीने लहानपणी जमवलेली ती ठेव असते आणि त्या ठेवीवर पतंगाचा संसार चालतो.

तुम्ही विचाराल, अळी स्वतः कशी मरत नाही? याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. झाडातले हे विष आहे त्या स्वरूपात फारसे जहाल नसते. गाय, घोडा किंवा माणूस यांच्या पोटात गेले की आपले यकृत, म्हणजे काळीज म्हणतो तो अवयव, ते साफ करायला जाते आणि त्या साफसफाईतच त्याचे खरे विष होते. ते तिथल्या तिथे यकृतालाच मारते. आपल्या पतंगाच्या कुळातल्या अळ्या मात्र त्याला प्राणवायूचा एक अणू जोडून निरुपद्रवी करून ठेवतात. चाकू म्यानात घालून कमरेला खोचावा, तसा हा प्रकार.

हे सारे कुणी शोधून काढले, ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत या पतंगाचा एक सख्खा भाऊ आहे, युटेथायसा ऑर्नाट्रिक्स. तोही ठिपकेवाला, अंगावर गुलाबी-नारिंगी छटा, आणि खाणे तेच, खुळखुळ्याच्या कुळातली झाडे. कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ स्नेही जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी सहकाऱ्यांसह त्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले. आयस्नर २०११ साली वारले, माइनवाल्ड २०१८ साली. फ्लोरिडातल्या एका संशोधन केंद्राच्या आवारात आयस्नर यांनी हा पतंग एका मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात सोडून पाहिला. आपल्या सह्याद्रीच्या रानात पावसाळ्याच्या शेवटी दोन झाडांमध्ये भले मोठे जाळे विणून बसणारा मोठा कोळी असतो ना, त्याच्याच नात्यातला तो कोळी. आता जाळ्यात काही अडकले की कोळी काय करतो, ते सर्वांना ठाऊक आहे. हा कोळी धावत आला, पतंगाला चाचपले आणि थबकला. मग त्याने पतंगाभोवतीचे धागे एकेक करून तोडले. पतंग सुटला आणि उडून गेला. त्या सबंध वेळात पतंगाने धडपडसुद्धा केली नव्हती.

हा योगायोग नव्हता, हे ठरवायला त्यांनी एक साधी युक्ती केली. काही अळ्यांना खुळखुळ्याच्या बिया न देता त्या घेवड्यावर केलेल्या खाद्यावर वाढवल्या. पतंग झाले ते दिसायला अगदी तसेच. ठिपक्यांत काही कमी नाही. पण त्यांच्या अंगात विष नव्हते. हे पतंग जाळ्यात टाकले, तेव्हा कोळ्याने त्यांना बेलाशक खाल्ले. माझ्या मते शाळेत विज्ञान शिकवताना या प्रयोगासारखे उदाहरण नाही. दोन गोष्टी सारख्या ठेवायच्या, एकच बदलायची, आणि मग काय होते ते पाहायचे. त्याला महागडे उपकरण लागले नाही.

इथे एक शंका निघते, आणि ती काढलीच पाहिजे. कोळ्याला जाळ्यातले काही धड दिसत नाही. तो पायाने चाचपतो, चव घेतो. मग ठिपक्यांचा उपयोग काय? कोळ्यापुरता काही नाही. ठिपके आहेत ते दिवसा डोळे उघडे ठेवून शिकार करणाऱ्यांसाठी, म्हणजे पक्षी, सरडे अशांसाठी. पक्ष्याला रंग चांगले दिसतात आणि तो आठवणही ठेवतो. एकदा असा पतंग चोचीत धरला, तोंड कडू झाले, की पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके ही खूण त्याच्या डोक्यात बसते. हे पतंग चिमटीत धरले तर मानेजवळून फेस सोडतात. त्या फेसातही ते विष असते. पतंगाला खाण्याआधीच पाहुण्याला चव कळावी, अशी ती सोय. पक्ष्याने टाकून दिले तर पतंग पुष्कळदा जगतो. काड्यापेटीतला तो पतंग जिवंत होता, हे मला आता आठवते.

म्हणजे पंखावरचे ठिपके ही शोभा नव्हे. विजेच्या खांबावर कवटी आणि दोन हाडे काढलेली पाटी असते, त्या जातीची ती पाटी आहे. पण नुसती पाटी लावून भागत नाही, मागे खरोखर वीज असावी लागते. घेवड्यावर वाढलेल्या पतंगाची पाटी होती, वीज नव्हती. म्हणून कोळ्याने त्याला सोडले नाही.

या पतंगाचे लग्नही तागाच्या विषावरच जुळते. नराच्या पोटाच्या टोकाला केसांचे दोन झुबके असतात. अंधार पडल्यावर मादी वाऱ्यावर आपला गंध सोडते, नर त्याच्या मागावर येतो आणि जवळ आल्यावर हे झुबके बाहेर काढून तिच्यावर फिरवतो. त्यांना एक मंद वास असतो. त्या वासाच्या द्रव्याचे नाव लांबलचक आहे, ते सोडून देऊ. ते द्रव्य नर तागाच्या विषापासूनच तयार करतो. ज्या नराने लहानपणी भरपूर बी खाल्ले, त्याच्याकडे विष अधिक आणि म्हणून वासही अधिक. मादी असल्या नराला पसंत करते. पसंतीनंतर नर तिला जे देतो त्यात बीजाबरोबर विषाचा एक वाटाही असतो. मादी तो वाटा आणि आपल्या पदरचे विष मिळून अंड्यांना देते. त्यामुळे मुंग्या आणि ढालकिडे ती अंडी चाखून सोडून देतात. आईबापांनी मिळून पोरांच्या अंगावर कवच घालून ठेवावे, असे हे आहे. आणि ज्या अळीला पुरेसे बी मिळाले नाही, ती काय करते? ती आपल्याच जातीची अंडी किंवा कोष खाते, कारण त्यांत विष असते. ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही, ते शिक्षकांनी आपल्या वर्गाकडे बघून ठरवावे.

हे लग्नाचे आणि अंड्यांचे शोध अमेरिकेतल्या त्या भावावर झालेले आहेत. आपल्या शेतातल्या पतंगाचे खाणे, विष आणि ठिपके त्याच धर्तीचे आहेत. पण आपल्या बांधावर बसून हे सारे बारकाईने पाहायला अजून पुष्कळ वाव आहे. त्याला पदवीच लागते असे नाही.

आता मी सुरुवातीला म्हटले होते त्या गोठ्याकडे आणि कणगीकडे वळतो.

पतंगाला आणि त्याच्या अळीला या विषाने काही होत नाही. आपल्याला आणि आपल्या जनावरांना मात्र होते, आणि आपल्याजवळ पाटीही नसते. १९५४ साली जमैका बेटावरच्या डॉक्टरांनी एक विचित्र आजार नोंदवला. लहान मुलांची पोटे पाणी भरून फुगत, यकृत सुजे, आणि काही मुले त्यात जात. शोध घेतला तेव्हा त्याचा संबंध रानातल्या पाल्याच्या घरगुती चहाशी लागला. त्या पाल्यात खुळखुळ्याच्या कुळातले झाड होते. यकृतातल्या बारीक शिरा त्या विषाने आखडून बंद पडत होत्या.

जमैका दूर राहिले. आपल्या देशात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या आणि आता छत्तीसगडमध्ये असलेल्या सरगुजा जिल्ह्यात हाच आजार एकदम गावेच्या गावे धरून आला. आदिवासी वस्त्यांतल्या माणसांना जलोदर होऊ लागला. एकाच घरातले अनेक जण आजारी पडत. कित्येक दगावले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी तपास केला आणि १९७६ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे लोक गोंदली नावाचे बारीक धान्य खात होते. आपली वरई असते, त्याच जातीचे. शेतात त्या धान्याबरोबर खुळखुळ्याच्या कुळातले एक बुटके तण उगवले होते. कापणी झाली तेव्हा तणही कापले गेले. मळणीत त्याच्या शेंगा फुटल्या आणि बी धान्यात मिसळले. रोजच्या भाकरीतून, पेजेतून ते थोडे थोडे पोटात जात राहिले. एका घासाने कोणी पडले नाही, म्हणून कोणाला संशयही आला नाही.

याचा अर्थ ताग पेरू नका, असा कोणी घेऊ नये. ताग फुलोऱ्यात गाडला तर शेंगच धरत नाही, मग बी कोठून येणार? जमिनीला ताग हवाच. काळजी घ्यायची ती बियांची. तागाचा जो तुकडा बियाण्यासाठी राखून ठेवता, त्याची मळणी ज्या खळ्यावर केली, ते खळे झाडून लोटून स्वच्छ केल्याशिवाय त्यावर खाण्याचे धान्य आणू नका. शेंगा धरलेला ताग, त्याचे भूस, चाळणीखाली राहिलेले बी गुरांना, घोड्याला, डुकरांना किंवा कोंबड्यांना घालू नका. डोंगराकडच्या श्रोत्यांनी वरई, नाचणी, सावा यांच्या शेतात फुगीर शेंगांचे पिवळ्या फुलांचे तण दिसले तर शेंग पिकण्यापूर्वी उपटावे. कापणीपर्यंत थांबलात तर मग बी निवडून काढणे कठीण. आणि खुळखुळ्याच्या बियांचा काढा अमक्या दुखण्यावर उतारा आहे, असे कोणी खात्रीने सांगितले, तर त्याला नमस्कार करून घरी या. मुलांनी शेंगांची वाळे करून खेळायला हरकत नाही. बी तोंडात घालू नये, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे.

अळीचे काय करायचे, हाही प्रश्न शेतकऱ्याचा. गाडायच्या तागावर दोन-चार अळ्या दिसल्या तर औषध मारण्यात पैसा घालवू नका. त्या जे खातात ते नाही तरी मातीतच जाणार आहे. बियाण्याच्या तुकड्यात मात्र ती खरी नुकसान करते, कारण तिथे ती तुमचे बीच खाते. तुकडा लहान असेल तर सकाळी फिरून अंड्यांचे झुबके असलेली पाने आणि भोक पडलेल्या शेंगा खुडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मी स्वतः असे करताना शेवटी एका कोपऱ्यातली चार-पाच झाडे तशीच सोडून देत असे. शेजारी विचारीत, ही का ठेवलीत? मी म्हणे, शाळेसाठी.

शिक्षक बंधुभगिनींना आता दोन शब्द. हा पाठ पुस्तकातून शिकवू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलांना घेऊन बांधावर जा. शेंगा धरलेली एक फांदी अळीसकट आणा, तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधलेल्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि रोज ताजी शेंग घाला. तळाशी थोडा पाचोळा टाका. अळी कोष करायला पाचोळ्यात उतरते आणि विरळ रेशमाची गुंडाळी करते. पतंग निघाला की मुलांना त्याच्या उजव्या पंखावरचे लाल ठिपके मोजू द्या, मग डाव्यावरचे. दोन बरण्यांतल्या दोन पतंगांची चित्रे शेजारी लावा. मग पतंग मोकळा सोडा आणि तो कसा उडतो, किती लांब जातो, कोण त्याच्या मागे लागते आणि कोण लागत नाही, ते मुलांना वहीत लिहू द्या. बरणी हाताळल्यावर हात धुवायला लावा.

एक गोष्ट आणखी पाहण्याजोगी आहे. खुळखुळ्याची किंवा भुरुंडीची वाळलेली फांदी दिसली तर तिच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. काळ्या-निळ्या पट्ट्यांची आणि तपकिरी रंगाची फुलपाखरे तिच्यावर दाटीने बसून सोंडेने काहीतरी टिपताना आढळतील. फूल नाही, मध नाही, वाळली काटकी. ते हेच विष गोळा करीत असतात, आणि बहुतेक सगळे नर असतात. आपल्या पतंगाने अळी असताना जे जमवले, ते ही मंडळी मोठेपणी जमवतात.

आणि शेंग कोणती घ्यायची, हे मुले विचारतील. खुळखुळ्याची पिकलेली शेंग कानाशी धरून हलवा. वाजली तर आत बी आहे. वाजली नाही, तर तिच्यावर कुठे बारीक गोल भोक दिसते का, ते पाहा. भोक असेल तर ती शेंग हलक्या हाताने उकला. अळी आत असेल.